गहिनीनाथांचा सरळ स्वर

या, जरा अलीकडे सरका. टेकायला खांब हवा असेल तर घ्या, पण पार मागे जाऊन बसू नका. मागे नुसता आवाज पोचतो, सूर पोचत नाही, आणि आजची गोष्ट सुराची आहे. माणूस गेल्याची गोष्ट सांगायला सोपी असते. माणूस जातो, चार टाळ वाजतात, लोक खांदा देतात, देव आपलं माणूस आपल्याकडे नेतो. इथे माणूस गेला आणि त्याचा आवाज मागे राहिला. आजही रोज वाजतो, ज्याला हवा त्याच्या मोबाइलवर वाजतो. आणि तरीही तो हरवला. कसा, ते ऐका. पांडुरंग जेवढं वदवून घेईल तेवढं सांगतो.

नगरला, सावेडीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत मच्छिंद्र जेवून बसला होता. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून त्याचा नेम ठरलेला: जेवण झालं की थोरल्या भावाचं कीर्तन ऐकायचं. थोरले बंधू म्हणजे गहिनीनाथ महाराज. पाथर्डीच्या पलीकडच्या कोरड्या गावातून निघालेले आणि साऱ्या जिल्ह्यात ऐकले गेलेले कीर्तनकार. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आजवर मच्छिंद्र त्यांना मोबाइलच्या बारक्या तोंडातून ऐकत आला होता, बायकोच्या, छबूबाईच्या भांड्यांसकट, खालच्या भाजीवाल्याच्या आरोळीसकट. आज मात्र पुण्याहून लेकीनं पाठवलेले इअरबड कानात होते. ते घातले आणि सावेडी बंद झाली. राहिले फक्त महाराज. निरूपण रंगात आलं, टाळ शिगेला पोचले, आणि मग नेहमीसारखं सगळं एकदम थांबलं. पखवाजावरचा हात वर राहिला, आणि त्या शांततेत महाराजांनी तो स्वर लावला. शब्द नाही, नुसता आकार. घरातल्या देवापुढं निवांत तेवणाऱ्या समईच्या ज्योतीसारखा. मांडवातली लेकरंसुद्धा त्या स्वराला रडायची थांबत. मच्छिंद्रनं डोळे मिटले. आणि तो स्वर हलला.

हलला म्हणजे बेसूर झाला नाही. तो होता तिथेच होता, पण आतून कापत होता. लहानपणी टेबलफॅनसमोर तोंड धरून 'आ' केलं की आवाजाच्या चकत्या पडतात, तसं काहीतरी. फार बारीक, जणू फॅन दूरच्या खोलीत आहे. मच्छिंद्रनं मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. दुसरं कीर्तन लावलं, शेवगावच्या सप्ताहातलं. तिथेही बोलण्यात काही नाही, गजरात काही नाही, पण लांब स्वर आला की कापरं भरायचं. आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरलो आणि तिथे थोरला भाऊ एकटाच बसून थरथरताना दिसला, असं त्याला वाटलं.

"अवो, झोपलाय का जागं हाय?" छबूबाई दारात उभी. "ते बोंडं काढा कानातली. मघाधरनं हाका मारतीय मी."

"छबू, इकडे ये. हे ऐक. दादाचा आवाज हलतोय का बघ."

तिनं पदरानं हात पुसले, एक इअरबड नाकासमोर धरून पाहिला, मग कानाला लावला. थोडा वेळ ऐकलं. डोळे भरून आले तिचे. "किती ग्वाड गळा हुता भावजींचा," ती म्हणाली. "हलतोय बिलतोय काय न्हाई. तुमचे कान तपासून घ्या एकदा. मी आंघोळीचं पानी काढलंय म्हनून वरडते, तवा तरी कुठं ऐकू येतं तुमाला!"

कान. हे त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पुढचे काही दिवस तो घरातले सगळे सरळ आवाज तपासत राहिला. कुकरची शिट्टी सरळ होती. कोपऱ्यावरच्या देवळातली घंटा वाजल्यानंतर जो निनाद उरतो, तो हळूहळू विझत जायचा, पण हलायचा नाही. पाण्याची मोटार, दुधवाल्याचा हॉर्न, शेजारच्या घरातला पूजेचा शंख, सगळं जिथल्या तिथं. जगात एकच गोष्ट कापत होती, आणि ती म्हणजे दादाचा गळा. रस्त्यानं चालतानाही त्याला वाटायचं, आपण एक प्रश्न डोक्यावर काठोकाठ भरून घेतला आहे आणि तो सांडू न देता चाललो आहोत: दादा असाच गात होता का? आणि गात असेल, तर इतकी वर्षं त्याच्या पाठीमागे टाळ घेऊन उभं राहून आपण ऐकलं तरी काय?

कारण सरळपणा हाच तर दादाचा सगळा धर्म होता. गावची विहीर उन्हाळ्यात आटली की दोघं भाऊ गाळ काढायला उतरायचे. गाळ वर गेला की धाकट्याला काठावर बसवून दादा तळात एकटा उभा राहायचा आणि 'आ' लावायचा. वर काठावर बसलेल्या मच्छिंद्रच्या मांडीखालचा दगड त्या स्वरानं गरम झाल्यासारखा वाटायचा. "हलला का रं?" खालून विचारणा व्हायची. "न्हाई दादा." "खोटं बोलू नको." "आईशप्पथ न्हाई." मग पुढे दादा गादीवर उभा राहू लागला, फेटा आला, हार आले, गाड्या न्यायला येऊ लागल्या, पण ते एक बदललं नाही. नवे कीर्तनकार सिनेमासारखे गळे फिरवायचे, टाळ्या घ्यायचे. दादा हसायचा. म्हणायचा, "देवाम्होरं हुभं ऱ्हायचं तर पाय हलवीत हुभं ऱ्हातो का आपन? मग गळा का हलवायचा?" मांडवात हशा पिकायचा आणि त्या हशाच्या पाठीवर तो स्वर यायचा. लोक हसता हसता गप्प व्हायचे.

आणि मग देवानं नेमका गळाच मागितला. डॉक्टरांनी गाठ सांगितली. शेवटचे महिने दादा बोललाच नाही. मच्छिंद्रनं सप्ताहा-सप्ताहातून छोट्या रेकॉर्डरवर केलेली सगळी कीर्तनं एका पेनड्राइव्हवर भरून दिली होती. ती दादानं काळ्या दोऱ्यानं आपल्या तुळशीच्या माळेत ओवून घेतली. गळ्यातला आवाज असा गळ्याबाहेर लोंबत राहिला. पडल्या पडल्या ती स्पीकरला लावून तो स्वतःलाच ऐकायचा, आणि लांब स्वर आला की आडवा हात हवेतून संथ, एका रेषेत न्यायचा, जणू गादीवरची सुरकुती सारखी करतोय. त्याच्या नजरेत दुःख नसायचं. उलट हिशेब चोख लागलेल्या माणसाचं समाधान असायचं. मच्छिंद्र उशाशी बसून तो हात बघायचा. तो हात हलत नव्हता, हे त्याला आजही शपथेवर सांगता आलं असतं. पण स्वर?

दवाखान्यात मशीन लावताना माळ काढून छबूबाईच्या हातात दिली गेली. ती मग दादाच्या गळ्यात परत गेलीच नाही. सुतकातच एक कंपनीचा माणूस गावी आला, काळ्या गाडीतून, अनवाणी होऊन ओट्यावर बसला, डोळे पुसले. महाराजांची कीर्तनं आम्ही जगभर पोचवू म्हणाला. आता कुणीही काहीही चोरून टाकतं, म्हणाला; आमच्याकडे पक्का बंदोबस्त असतो, कुणी नक्कल केली तर लगेच सापडतो. खुंटीवरची माळ काढून दिली गेली. त्यानं लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावली तेव्हा तुळशीचे मणी लॅपटॉपच्या कडेनं खाली लोंबत होते, आणि बायका लांबूनच त्या मशीनला हात जोडत होत्या. मच्छिंद्रनं आणि पुतण्या वैजनाथनं सह्या केल्या. दादा अमर झाला, असं त्या संध्याकाळी सगळ्यांनाच वाटलं. चहासुद्धा गोड लागला.

दशक्रियेला प्रवरासंगमावर गेले तेव्हा राखेच्या मडक्यासोबत माळही होती. पाण्यात उतरायच्या आधी वैजनाथ म्हणाला, "नाना, ती पेनड्राइव्ह सोडून घेऊ का?" मच्छिंद्रनं मान हलवली. "माळकऱ्याच्या माळेतलं काही सोडत नसतात, बाळा. आणि आवाज आता तिकडं आहे, नीट आहे." त्यानं स्वतःच्या हातानं माळ प्रवरेच्या आणि गोदावरीच्या पाण्यात सोडली. तुळशीचे मणी क्षणभर वर तरंगले. मग पेनड्राइव्हच्या वजनानं माळ आत ओढली गेली. त्या वेळी त्याला भरून आलं होतं. आपण शास्त्राप्रमाणं केलं, भावाचं सगळं भावाला दिलं, याचं भरून आलं होतं. आता बाल्कनीत बसून तेच पाणी त्याला दिसायचं.

शेवटी त्यानं लेकीला, संस्कृतीला, फोन केला. ती पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती आणि बापाच्या शंका हसण्यावारी नेणारी नव्हती. तिनं ऐकलं, दोन दिवस कुणाकुणाला विचारलं आणि रविवारी सकाळी फोन केला.

"आप्पा, तुमचे कान शाबूत आहेत. आईला सांगा."

"म्हणजे हलतोय?"

"हलतोय. काकांचा नाही, त्या रेकॉर्डिंगचा. बघा, चोरी होऊ नये म्हणून दोन प्रकार करतात. एक नुसतं कुलूप असतं. पैसे भरलेल्यालाच उघडतं. त्यानं आवाजाला काही होत नाही, पेटीला कुलूप लावल्यानं आतलं लुगडं थोडंच विटतं? पण दुसरा प्रकार म्हणजे खूण. ती आवाजातच मिसळतात, बारीक कंप घालून, म्हणजे कुणी कुलूप फोडून नक्कल केली तरी खूण आतच राहते आणि चोर सापडतो. सगळेच करत नाहीत. तुमच्या कंपनीनं केलंय."

"आणि ती काढता येते?"

"काढता आली तर चोरानंही काढली असती ना, आप्पा."

"पण बाकीच्या कुणाला कशी ऐकू येत नाही?"

"टाळ-पखवाजात लपते. गजरात लपते. लांब, एकट्या, सरळ स्वरात लपायला जागा नसते. काका हलवून गाणारे असते तर तुम्हालाही कळलं नसतं."

मच्छिंद्रनं फोन ठेवला. त्याला कंपनीचा राग यायला हवा होता. आला तो एक विचित्र गारवा. दादानं जन्मभर जो स्वर निर्मळ ठेवला, त्या निर्मळपणामुळेच डाग दिसत होता. गळे फिरवणारे सगळे सुखरूप होते.

गावच्या पोरांकडे जुनी कीर्तनं होती, त्यानं चौकशी केली. पोरांनी ती इंटरनेटवर टाकली होती आणि फोन बदलताना निर्धास्तपणे पुसली होती. मग कंपनीनं हक्क सांगून इंटरनेटवरूनही काढायला लावली. रेकॉर्डर दुरुस्तीला दिलेला, तो परत आलाच नाही. राहिली कंपनी. तिथं फोनवर एक गोड आवाजाची मुलगी होती. "सर, मूळ फाइल सिस्टिममध्ये असते, पण बाहेर येते ती प्रोटेक्शन लागूनच येते. आमच्याही हातात नसतं, सर." मच्छिंद्रनं तिला विहिरीची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. ती मध्ये बोलली नाही, हे तिचं चांगलं. शेवटी म्हणाली, "सर, तुम्ही कुटुंबातले आहात. मी वरती विनंती करते. तुम्हाला एक स्वतंत्र प्रत मिळेल. उत्तम दर्जाची."

प्रत आली. मेलवर आली, संस्कृतीनं उघडून दिली. ती त्या दिवशी नगरलाच होती. मच्छिंद्रनं आंघोळ केली, कपाळाला बुक्का लावला, आणि देवघराशेजारी बसून इअरबड घातले. आवाज खरंच पूर्वीपेक्षा स्वच्छ होता. श्वास ऐकू येत होता, फेट्याच्या शेवाची सळसळ येत होती. टाळ थांबले. स्वर आला.

तो कापत होता. पूर्वीपेक्षा निराळा, जास्त दाट, पण कापत होता.

संस्कृती लॅपटॉपवर सोबत आलेला मजकूर वाचत होती. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"काय गं?"

"काही नाही, आप्पा."

"सांग."

"ही प्रत फक्त तुमच्यासाठी केलीय. म्हणजे यातली खूण वेगळी आहे. ही बाहेर कुठे सापडली तर कुणाकडून गेली ते कळावं म्हणून..." तिनं लॅपटॉप हळूच मिटला. "यात तुमचं नाव मिसळलंय, आप्पा. तो जो कंप ऐकू येतोय ना, ते तुमचं नाव आहे."

छबूबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हंजे भावजींच्या आवाजात ह्यांचं नाव? बरं हाय की मग. जन्मभर पाठीमागं हुभं ऱ्हायले, आता आत जाऊन बसले." कुणी हसलं नाही तसं तिनं बाहेर डोकावून पाहिलं.

त्यानंतर मच्छिंद्रनं ऐकणं सोडलं. पण ऐकणं सोडलं म्हणून ऐकू यायचं थांबत नाही. आता उरला तो आतला आवाज, आठवणीतला, आणि त्याला वाटलं होतं की तिथं कुठलीही कंपनी पोचत नाही. तो दुपारी डोळे मिटून विहिरीच्या काठावर जाऊन बसायचा. दगड लागायचा, वाळलेल्या शेवाळाचा वास यायचा, खाली दादाचं डोकं दिसायचं. स्वर वर यायचा आणि वर येता येता कापायला लागायचा. तो झटकून पुन्हा खाली बघायचा. "हलला का रं?" दादा विचारायचा. आणि काठावरचा पोरगा तोंड उघडायचा, पण त्याच्या तोंडून उत्तर निघायचं नाही. एखाद्या पांढऱ्या धोतरावर डाग पडला की पुढे धोतर आठवताना डागच आधी आठवतो, तसं झालं होतं. चाळीसएक वर्षांचं ऐकणं एका वर्षाच्या ऐकण्यानं खाऊन टाकलं. देवघरापुढं बसून तो एकच मागायचा: एकदा, विठ्ठला, एकदाच सरळ ऐकू दे. पुन्हा नाही मागणार.

महाराजांच्या पहिल्या पुण्यतिथीचा सप्ताह गावात बसला. काल्याचं कीर्तन सकाळी, आणि गादीवर वैजनाथ. वैजनाथ दादाच्या पोटचा. पोरगा सालस, माळकरी, व्यसन नाही. वर्षभर रोज पहाटे मोबाइलवर बापाला ऐकून ऐकून तयार झालेला. टाळकऱ्यांच्या ओळीत मच्छिंद्र आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला, गादीच्या अगदी मागे. पुढे सारा मांडव भरलेला, टोप्या, पदर, मांडीवरची पोरं. वैजनाथनं छान धरलं. बापासारखाच विनोद केला, बापासारखाच हशा घेतला. मच्छिंद्रच्या मनात वर्षानं पहिल्यांदा ऊब आली. रक्ताचा गळा आहे, त्याला वाटलं. यंत्रातून नाही तर रक्तातून येईल. मग टाळ थांबले. पखवाजावरचा हात वर राहिला. आणि वैजनाथनं स्वर लावला.

कापरा. मुद्दाम नव्हे, मन लावून, प्रेमानं, जसा ऐकला तसा. एकेक थरथर जागच्या जागी. बापाची म्हणून शिकलेली.

मांडवातून हुंदका उठला. "महाराज!" कुणीतरी ओरडलं. "साक्षात महाराज आलं!" लोक उठून हात जोडू लागले. आता तो स्वर मागच्यांनी उचलायचा होता. हा तिथला जुना रिवाज: गादीवरून जे येईल ते टाळकऱ्यानं तसंच उचलायचं, कमी नाही, जास्त नाही, गादी नारदाची, तिथं उभा राहिलेला लेकरू असला तरी त्या घटकेला तोच मोठा. मच्छिंद्रनं तोंड उघडलं आणि पोटापासून सरळ स्वर लावला. म्हातारा, खरखरीत, पण सरळ. तो शेजारच्यांच्या कापऱ्या स्वराला जाऊन टेकला आणि टेकल्याबरोबर बेसूर ऐकू आला. त्यालाही ऐकू आला. ओळीतल्या दोघातिघांनी मान वळवली. पुढच्या बायकांनी पाहिलं. वैजनाथ वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, राग मुळीच नव्हता. नानांचं वय झालं, नाना गहिवरले, असंच त्याला वाटलं असणार. त्यानं थांबून, पुतण्यानं चुलत्याला हात धरून पायरी उतरवावं तसा, तोच कापरा स्वर पुन्हा दिला.

आणि मच्छिंद्रनं तो उचलला. जसा आला तसा, थरथरीसकट. सूर जुळला. मांडव डोलायला लागला.

काल्याचा प्रसाद वाटून झाल्यावर भागूबाई, दोघा भावांच्या मधली बहीण, काठी टेकत त्याच्याजवळ आली. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "मच्छिंदर, आज दादा येऊन गेला रं. पोराच्या गळ्यात आला, आन् मागनं तुझ्या बी."

"अक्का," तो म्हणाला. "खरं सांग. दादाचा आवाज असा हलायचा का?"

भागूबाईनं त्याच्याकडे नवलानं पाहिलं. "हलायचाच की! त्या हलन्यानंच तर काळजात व्हायचं. तू तर जन्मभर पाठीशी हुतास, इसरलास व्हय?"

त्यानं हातातला काला तोंडात घातला. दही आंबट झालं होतं. "न्हाई अक्का," तो म्हणाला, आणि किती वर्षांनी त्याच्या तोंडात गावची बोली आली. "आता आठवलं."

माऊली, यापुढे सांगण्यासारखं काही नाही. मागणं एवढंच आहे. तुम्ही कधी पाथर्डीकडच्या एखाद्या मांडवात, आईच्या मांडीवर, अर्ध्या झोपेत असताना, एका उंच माणसानं सगळे टाळ थांबवून एकच स्वर लावलेला ऐकला असेल, आणि तो स्वर अजिबात हलला नसेल, तर त्या माणसाचं नाव गहिनीनाथ. त्याची आठवण ठेवा. कुणाला म्हणून दाखवू नका, कशात भरून ठेवू नका. नुसती ठेवा.